गाठ आहे तिथेच आहे

डाव्या कानाला फोन लावला की आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. पलीकडे बाई आहे की पुरुष, चिडलंय की हसतंय, एवढं कळायचं. काय म्हणतंय ते नाही. मी आपोआप फोन उजव्या कानाला न्यायला लागले होते आणि वर्षभर हे माझं मलाच उमगलं नव्हतं. उमगलं ते मुलीला. "आई, तू रस्त्यात कायम माझ्या डावीकडेच का चालतेस?" मी डावीकडे चालायचे, कारण मग तिचं बोलणं माझ्या उजव्या कानावर पडायचं.

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ पाहिला, पडदा पाहिला. दोन्ही ठीक. मग त्या बंद खोलीत बसवून चाचणी केली, ज्यात आवाज आला की बटण दाबायचं असतं. आलेख समोर आला तेव्हा उजव्या कानाची रेघ जवळजवळ सपाट होती आणि डाव्याची उंच सुरांकडे जाताना कड्यावरून खाली उतरत होती. डॉक्टर म्हणाले, "वयामुळे कमी येतं ते दोन्ही कानांचं साधारण सारखंच कमी होतं. एकाच कानाचं उतरलं की कारण शोधायचं." आणि कॉन्ट्रास्टसकट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन, एमआरआय लिहून दिला. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची अजून ऋणी आहे. थेंब देऊन परत पाठवलं असतं तरी मी मुकाट्याने गेले असते.

रिपोर्टात १४ मिलिमीटरची गाठ निघाली. नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा आणि ते दोन्ही अंगांनी फसवं: गाठ ऐकण्याच्या शिरेवर नसते, तोल सांभाळणाऱ्या शिरेवर असते, आणि ती मज्जातंतूची नसते, त्याच्यावर आवरण चढवणाऱ्या श्वान पेशींची असते. कर्करोग नव्हे. सावकाश वाढणारी, कुठे पसरत न जाणारी. मग तिला घाबरायचं कशाला? तर जागेमुळे. आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणारी हाडाची एक बारीक नळी आहे. तिच्यातून तोलाची शीर जाते, ऐकण्याची जाते आणि चेहरा हलवणारीही जाते. गाठ त्या नळीत भरून पलीकडे मेंदूच्या देठाकडे डोकावत होती. चित्रात अगदी आइस्क्रीमच्या कोनासारखी दिसते, असं डॉक्टर म्हणाले, आणि नंतर मला दुसरं काही दिसेना.

मेंदूच्या सर्जननी तिन्ही रस्ते एकाच कागदावर काढून दाखवले. पहिला, काही न करता लक्ष ठेवायचं. यातल्या बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं आहेत तशा राहतात. दुसरा, कवटी उघडून काढायची. तिसरा, रेडिओसर्जरी, म्हणजे बाहेरून किरण सोडायचे. मी अर्थातच पहिला निवडला. सहा महिन्यांनी गाठ १७ मिलिमीटर होती आणि पहिला रस्ता संपला.

आता ते दुसऱ्या-तिसऱ्याविषयी काय म्हणाले ते नीट सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावर उभं आहे. गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली असती, मेंदूच्या देठाला दाबत असती, तर त्यांनी किरणांचं नावही काढलं नसतं. तिथे जागा मोकळी करावीच लागते आणि ती सुरीच करते. माझ्या आकाराला दोन्ही चालतं. शस्त्रक्रियेत गाठ जाते, पण चेहऱ्याच्या शिरेला धक्का लागण्याची भीती जास्त. किरणांनी तो धोका फार कमी, नव्वद टक्क्यांहून अधिक जणांत गाठ आटोक्यात राहते, पण ती जात नाही. "आटोक्यात म्हणजे?" मी विचारलं. "म्हणजे वाढत नाही. बहुतेकदा पुढे थोडी आकसते. पण तुमच्या डोक्यात ती राहणार. हे पटत असेल तरच या." आणि ऐकू येणं? "आज आहे ते काही वर्षं टिकावं असा प्रयत्न करू. कायम टिकेल असं म्हणणार नाही. काहीच केलं नाही तरी ते हळूहळू जाणारच आहे." किरणांमुळे पुढे कधी कर्करोग? "ऐकिवात आहे, पण अतिशय विरळ." ते सर्जन होते, स्वतः कवटी उघडणारे, तरी मला किरणांकडे पाठवलं. हे मला आवडलं.

घरी मात्र मी किरण सोडणाऱ्या यंत्राचं 'गामा नाइफ' हे नाव उच्चारलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सुरी आली. सुरी नसते. टाका नसतो, भूल नसते, डोकं भादरत नाहीत. मग सर्जरी का म्हणायचं? लार्स लेक्सेल नावाच्या स्वीडिश मेंदूशल्यविशारदाने १९५१ मध्ये ही कल्पना मांडली, 'रेडिओसर्जरी' हे नावही त्याचंच. त्याला कवटी न उघडता आत खोलवर एका ठरलेल्या ठिकाणी, एकाच बैठकीत, सुरीने केल्यासारखा परिणाम हवा होता. आधी क्ष-किरण वापरून पाहिले, मग बोरिये लार्सन या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर उप्सालाला प्रोटॉनचे झोत वापरून पाहिले, शेवटी गामा किरण सोडणाऱ्या किरणोत्सारी कोबाल्टवर आले. कोबाल्टच्या पहिल्या यंत्रावर पहिला रुग्ण स्टॉकहोमला १९६८ मध्ये झाला. तेव्हाच्या यंत्रात कोबाल्टचे १७९ स्रोत होते, मी ज्याच्यात शिरले त्यात १९२.

हेच काम लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर नावाचं यंत्रही करतं, ज्यात कोबाल्ट नसतो, वीज चालू असेपर्यंतच किरण निघतात. सायबरनाइफ म्हणजे तसंच एक छोटं यंत्र रोबोच्या हाताला बसवलेलं. ते स्टॅनफर्डच्या जॉन अ‍ॅडलरांनी पुढे आणलं. मी आठवडाभर यातलं कुठलं चांगलं यावर वाचत बसले होते. सर्जननी ते थांबवलं: "यंत्राच्या नावावर अडू नका. अशा किती गाठी त्या चमूने केल्यात ते विचारा."

माझा धंदा नकाशे काढण्याचा. मोजणीवाले आकडे आणायचे, मी ते कागदावर उतरवायचे. आधी शाईने ट्रेसिंग कापडावर, नंतर संगणकावर. त्यामुळे पुढचं सगळं मला जेवढं परकं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. प्लेन टेबलच्या मोजणीत एक जुनी युक्ती असते. नदीपलीकडच्या झाडापर्यंत साखळी नेता येत नाही; मग अलीकडच्या दोन ठिकाणी टेबल मांडून दोन्हीकडून त्या झाडाकडे रेघ ओढायची. रेघा जिथे छेदतील तिथे झाड. हात न लावता सापडतं. मोजणीवाले त्या रेघांना 'रे' म्हणतात, म्हणजे किरणच. गामा नाइफमध्ये अशा १९२ रेघा असतात. प्रत्येक किरण एकटा इतका दुबळा की वाटेतल्या मेंदूला तो फारसा जाणवत नाही. सगळे छेदतात तेवढ्या ठिकाणी मात्र बेरीज होते.

पण छेदनबिंदू काढायचा तर आधी मोजायचं कशापासून? त्यासाठी फ्रेम.

सकाळी सातला आम्ही चौघं रुग्ण एका खोलीत होतो. सिस्टरनी कपाळ पुसलं, डॉक्टरांनी हलक्या धातूची एक चौकट डोक्याभोवती धरली, आणि "ताई, आता चार वेळा टोचेल, मोठं आहे ते एवढंच," असं सांगून कपाळावर दोन आणि मागे दोन इंजेक्शनं दिली. त्यांनी खरं सांगितलं. त्या दिवसातलं सगळ्यात वाईट काही असेल तर ती चार इंजेक्शनं. कपाळाची कातडी पातळ असते, तिच्यात औषध शिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग दोघांनी समोरासमोरचे स्क्रू एकाच वेळी पिळले. दुखलं नाही, पण दाब असा की कुणी डोकं शिकंजात धरलंय. मी सिस्टरचा हात पकडला होता हे मला तो सोडताना कळलं. दहा मिनिटांत दाब बोथट झाला. नंतर दिवसभर फ्रेम डोक्यावर नसून डोकं फ्रेममध्ये ठेवलंय असं वाटत राहिलं. मान वळवायची तर खांद्यांसकट.

मग प्लॅस्टिकचा, भोकं असलेला एक घुमट फ्रेमवर बसवून पट्टीने भोकाभोकांतून डोक्याचं अंतर मोजलं. एक जण आकडे बोलतोय, दुसरा लिहून घेतोय. हे मी आयुष्यभर ऐकलेलं संगीत. मी मनातल्या मनात आकडे पुन्हा म्हणत होते.

एमआरआयला नेताना फ्रेमवर एक पेटी चढवली. तिच्या भिंतींत इंग्रजी एन अक्षराच्या आकाराच्या नळ्या असतात. त्या प्रत्येक चित्रात ठिपके म्हणून उमटतात आणि ठिपक्यांमधल्या अंतरांवरून चित्राची पातळी कळते. म्हणजे डोक्याचा फोटो आणि मोजपट्टी एकाच कागदावर. फ्रेम कवटीला घट्ट आहे, मेंदू कवटीत जागचा हलत नाही, म्हणून हे जमतं. हे तंत्र डोक्यापासूनच का सुरू झालं याचंही उत्तर मला तिथेच मिळालं: फुप्फुस श्वासाबरोबर हलतं, पोट हलतं, डोक्यात मात्र बेंचमार्क, म्हणजे जिथून मोजायचं तो बिंदू, पक्का.

त्यानंतर प्लॅनिंग संपायची वाट पाहत दोन-अडीच तास. बाकीच्यांशी ओळख झाली ती याच वेळात. चौकटी घातलेली चार माणसं एका खोलीत, एकमेकांकडे पूर्ण शरीराने वळून बोलणारी. माझ्या मुलीने नंतर कबूल केलं की तिला हसू आवरत नव्हतं. एका काकांच्या चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ यायची, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दात घासायची भीती, गालावर वारा लागायची भीती. त्यांच्या डोक्यात गाठ नव्हतीच. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या शिरेच्या मुळावर किरण सोडायचे होते, चार मिलिमीटरच्या झोताने, आणि मात्रा ८० ग्रे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. माझ्या गाठीच्या कडेला १२ ग्रे. मी चकित होऊन विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की त्यांच्या शिरेत जागा एवढीशी आणि हेतू वेगळा, वेदनेची वाट अडवायची. आराम उद्या मिळणार नव्हता. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. काका म्हणाले, "सहा वर्षं सोसलंय, सहा महिने काय."

एक मुलगी होती, विशीतली. तिच्या मेंदूत रोहिणी आणि नीला थेट एकमेकींत गुंतल्या होत्या. एकदा रक्तस्राव होऊन गेला होता. तिला कळलेलं असं: किरणांनी त्या गुंत्याच्या भिंती आतून जाड होत होत बंद होतात, पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर पुन्हा रक्त येण्याचा धोका राहतोच. एवढी लहान मुलगी हे सांगताना इतकी शांत होती की मला माझ्या पंधरा दिवसांच्या रडारडीची लाज वाटली. चौथे गृहस्थ फुप्फुसाच्या कर्करोगाचे, मेंदूत तीन ठिकाणी पसरलेला. तिन्ही एकाच दिवशी करणार होते. ते फारसं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

प्लॅन पाहायला मला आत बोलावलं, मी आग्रह धरला म्हणून. फिजिसिस्ट तरुण होता, त्याला माझा धंदा कळल्यावर खुलला. पडद्यावर माझी गाठ, तिच्याभोवती पिवळी रेघ. ती ५० टक्क्यांची रेघ: तिच्यावर १२ ग्रे, आत मध्यभागी २४. नकाशातल्या समोच्च रेषा माहीत असतील तर हे चित्र वाचायला शिकावं लागत नाही. गाठीवर डोंगर, आणि कडेला रेघा इतक्या दाट की दोन-तीन मिलिमीटरमध्ये उतार संपतो. एक-एक छेदनबिंदू म्हणजे एक 'शॉट'. असे चौदा शॉट, चार आणि आठ मिलिमीटरचे, एकमेकांना लागून, गाठीचा वेडावाकडा आकार भरून काढणारे. शेजारी आतल्या कानातला शंख, कॉक्लिया, त्याने वेगळ्या रंगाने रंगवला होता. "याला ४ ग्रेच्या आत ठेवायचंय. ऐकू येणं टिकायची शक्यता त्याच्यावर असते." त्याने माझ्यादेखत एक शॉट अर्धा मिलिमीटर सरकवला. ३.९ झाले. माझ्या ऐकण्यासाठी कुणी अर्ध्या मिलिमीटरवर डोकं खपवतंय, ही गोष्ट मला कुठल्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त पोचली.

कोपऱ्यात निर्देशांक होते. क्ष १२२ आणि काहीतरी. मी म्हटलं, मध्य शून्य नाही? तो हसला. फ्रेमचा मध्य १००, १००, १०० धरतात. शून्य डोक्याच्या बाहेर, उजवीकडे, मागे, वर. म्हणजे कुठलाही आकडा उणे येत नाही आणि उणे-अधिकची चूक व्हायला वावच राहत नाही. आम्हीही नकाशाचा आरंभबिंदू मुद्दाम प्रदेशाच्या बाहेर ढकलतो, याच कारणासाठी. लेक्सेलने हे ठरवलं तेव्हा एखादा मोजणीवाला त्याच्या शेजारी बसला होता की काय!

एक प्रश्न मला छळत होता तो तिथेच विचारून घेतला. ही गाठ भाजली जाणार का? तो म्हणाला, अजिबात नाही. एक ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. १२ ग्रेने पाणी तापवायला गेलात तर तापमान अंशाच्या हजारातल्या तीन भागांनी वाढेल. उष्णता नाहीच. नुकसान होतं ते पेशीच्या डीएनएचं. पेशी लगेच मरत नाही, पुढे कधीतरी दुभंगायला जाते तेव्हा तिला ते जमत नाही. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही हळूहळू बुजत जातात. गाठ सावकाश वाढणारी, म्हणून तिचं थांबणंही सावकाश. घाईचा हिशेब इथे लागू नाही.

प्रत्यक्ष उपचाराबद्दल सांगण्यासारखं खरंच काही नाही. पलंगावर आडवं केलं, फ्रेम खटकन बसवली, सगळे बाहेर गेले, जाड दार बंद झालं. पलंग आत सरकला. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही, जाणवत काहीच नाही. दर काही मिनिटांनी पलंग किंचित सरकायचा, तेवढंच, पुढचा शॉट. माइकवरून विचारायचे, "ठीक आहात ना?" एकूण ५८ मिनिटं लागली. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं, स्रोत जसजसे जुने होतात तसा तेवढ्याच मात्रेला वेळ जास्त. नवीन भरल्यावर हेच काम लवकर झालं असतं. मधल्या कुठल्यातरी शॉटला मला झोप लागली.

फ्रेम काढली तेव्हा टोचल्या जागांतून थोडं रक्त आलं, पट्ट्या लावल्या. आणि डोकं एकदम मोठं, हलकं, भोपळ्यासारखं झालं. तासाभराने ठणकायला लागलं. साध्या गोळीने थांबलं. दुसऱ्या दिवशी घरी. मी कुणाला किरण लावत नव्हते, बाळाला घेऊ शकत होते, हे मला सात जणांना वेगवेगळं सांगावं लागलं. कोबाल्ट यंत्रात राहतो, तुमच्यात येत नाही.

ताईचा फोन आला. "मग, काढली का गं?"

"नाही. आहे."

"मग केलं काय दिवसभर?"

मी तिला अर्धा तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "बरं, पण काढणार कधी?" तिची चूक नाही. गाठ म्हटली की काढली, गेली, सुटले, एवढीच क्रियापदं आपल्याकडे आहेत. तिला जागच्या जागी थोपवली, यासाठी कुणाकडे शाबासकीचा शब्द तयार नसतो. हळूहळू मी स्वतःही संशयात पडले. काही कळलं नाही, काही दुखलं नाही, काही गेलं नाही. मग खरंच काही झालं का? टोचलेल्या जागेच्या वर टाळूपर्यंत कातडी बधिर होती, ती तीन महिन्यांनी परत आली. तेवढाच काय तो पुरावा, तोही गेला.

सहाव्या महिन्यात चक्कर वाढली. अंधारात भिंत धरून चालावं लागे, आणि डावा गाल मधूनच फडफडायचा. एमआरआय झाला आणि रात्री साडेदहाला रिपोर्ट मोबाईलवर येऊन पडला. कुणी डॉक्टर नाही, फोन नाही, फक्त ओळी: आकार २० मिलिमीटर, पूर्वीच्या तुलनेत वाढ. ती रात्र मी विसरणार नाही. सतरा, मग हे सगळं, आणि आता वीस. नवरा सारखा म्हणत होता, "सकाळी विचारू," आणि तोही जागाच होता. असा कागद पाठवताना खाली एक ओळ लिहायला काय जातं? 'किरणांनंतर अपेक्षित असू शकते, डॉक्टरांना भेटा', बस.

सकाळी सर्जननी चित्रं लावली आणि आधी गाठीचा मध्य दाखवला. पूर्वी सगळी गाठ कॉन्ट्रास्टने पांढरी व्हायची. आता मध्यभाग काळा होता. तिथे रक्त पोचत नव्हतं. "मरणारी गाठ आधी सुजते. सहा ते अठरा महिन्यांत अनेकांची होते. मी सांगितलं होतं." सांगितलं होतं. संमतीच्या कागदावरही होतं, मी सही केली होती. त्या दिवशी मी फक्त चांगलं तेवढं ऐकलं असणार. धोका वाटला नाही तर ते या सुजेला वाढ समजून लगेच सुरी उचलत नाहीत, वाट पाहतात. घाईने उघडलेल्या काही गाठी आपसूक उतरल्या असत्या, असं ते म्हणाले. मला दोन आठवडे स्टेरॉइड दिलं. गालाची फडफड गेली, झोप गेली, चेहरा चंद्रासारखा झाला, मग तोही ओसरला.

तोलासाठी वेगळे व्यायाम. भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवायची. एका रेषेत चालताना छताकडे पाहायचं. मऊ गादीवर डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात मळमळ इतकी की सोडून द्यावंसं वाटायचं. पण डाव्या बाजूचा बिघडलेला निरोप बाजूला ठेवून उजव्या बाजूवर, डोळ्यांवर आणि पायांवर विसंबायला मेंदू शिकतो, आणि त्याला शिकवायला चक्कर येईल असंच काहीतरी करावं लागतं. जो माणूस चक्कर टाळायला खुर्चीत बसून राहतो त्याची चक्कर जात नाही. या व्यायामांबद्दल कुणी आधी बोललं नव्हतं. रोजच्या जगण्यात फरक पडला तो बहुतेक यांनीच.

अठरा महिन्यांनी गाठ परत १७. तीन वर्षांनी १५. मधला काळा भाग तसाच. ऐकण्याचं म्हणाल तर, उपचारापूर्वी डाव्या कानाने दहातले सात शब्द ओळखायची मी, आता तीन. ४ ग्रेच्या आत ठेवूनही गेलं. त्या अर्ध्या मिलिमीटरने दोन वर्षं जास्त मिळाली की नाही, हे कळायला मार्ग नाही. मिळाली असं मी धरून चालते. डाव्या कानाचा आवाज उजव्याकडे पाठवणारं यंत्र आता लावते. कानातली शिट्टी आहे तशीच आहे. रात्री खोली फार शांत झाली की ऐकू येते.

ते काका एकदा तपासणीला भेटले. गाल थोडा बधिर, पण कळ नाही. माझ्यासमोर गालावर टपली मारून दाखवली. त्या विशीतल्या मुलीची चित्रं अजून चालू होती, गुंता बराच बुजलेला. चौथ्या गृहस्थांचं मला कळलं नाही.

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडे गेले. फॉर्ममध्ये प्रश्न होता: यापूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे का? होय, नाही. मी पेन धरून बसले. सर्जरी तर म्हणतात तिला. पण टाका नाही, भूल नाही, काढलं काहीच नाही. शेवटी दोन्ही चौकोनांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'डाव्या कानामागे गाठ, १७ मिमी होती, किरण दिले, आता १५.' काउंटरवरच्या मुलीने ते दोनदा वाचलं आणि मान वर करून काहीतरी विचारलं. ती माझ्या डावीकडे होती. मी वळले, उजवा कान पुढे केला.

"म्हणजे काढली नाही?" ती म्हणत होती.